टाकी रिकामी असली की कॉम्प्रेसर चालतो, भरल्यावर मोटार नुसती घुमते – मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. सेलू तालुक्यातल्या (जि. परभणी) खेड्यातून लिहायलोय. घरी 2 एचपीचा सिंगल फेज, पट्ट्यावरचा कॉम्प्रेसर आहे. ट्रॅक्टर-ट्रॉलीची हवा, रेडिएटरची धूळ, फवारणीचे नोझल, सगळं त्याच्यावरच. कापसाची ट्रॉली रोज बाजारात जायलीय, त्यामुळं तो बंद ठेवून भागत नाही.

टाकी रिकामी असताना मोटार पहिल्या झटक्यात उचलते. 8 बारला बरोबर कट होते. पण हवा वापरून काटा 6 वर आला आणि परत सुरू व्हायची वेळ आली की घुं घुं करते, फिरत नाही, अन् एमसीबी पडते. शिवाय कट झाल्यावर प्रेशर स्विचखालून फुसफुस सुरूच राहते, थांबायचं नाव नाही. ऑइल काचेत अर्ध्यावर आहे, फिल्टरमधली कापसाची तूस झटकली, पट्टा ताठ आहे. वायरमन म्हणतो कपॅसिटर गेला. आणू का? रात्री मोटारपंप सुरू झाले की व्होल्टेज 190 वर येतं, ते कारण असेल का?

प्रतिसाद १
दादा, कपॅसिटरला पैसे घालू नका अजून. तो पूर्ण गेला असता तर रिकाम्या टाकीवरही मोटार अडली असती. खरी खूण ती फुसफुस आहे. कट झाल्यावर प्रेशर स्विच हेडपासून (पिस्टनवरच्या भागापासून) टाकीपर्यंतच्या नळीतली हवा सोडून देतो, म्हणून क्षणभर आवाज यायलाच पाहिजे. तो थांबत नसेल तर टाकीच्या तोंडावरचा एनआरव्ही (हवा एकाच दिशेनं जाऊ देणारा व्हॉल्व्ह) धरत नाही, टाकीतली हवा उलटी येतेय. मग पिस्टनवर दाब तसाच राहतो आणि मोटारीला त्याच्याविरुद्ध उठावं लागतं. प्लग काढा, खालच्या कॉकमधून टाकी पूर्ण रिकामी करा, काटा शून्यावर आल्याशिवाय पाना लावू नका. घुमणारी मोटार तशीच चालू ठेवू नका, वाइंडिंग जळतं.

प्रतिसाद २
वरचं बरोबर. व्होल्टेजचंही ऐका: मोटारीचा उठायचा जोर व्होल्टेजच्या वर्गाप्रमाणं घटतो. 230 च्या जागी 190 म्हणजे जोर दोन तृतीयांशच उरला. त्यात बारीक एक्स्टेन्शन वायर असेल तर अजून पडतं. 2.5 चौ. मिमी तांब्याची, जमेल तेवढी आखूड वायर घ्या. टाकी रिकामी कराल तेव्हा पाणी तांबूस निघतंय का बघा. निघालं तर रोज कॉक उघडत जा. टाकी आतून गंजून पातळ झाली तर ती वेल्डिंग करून वापरायची नसते, बदलायचीच.

धागाकर्ता
एनआरव्ही खोलला. रबराला चीर होती, सीटवर काजळी. परभणीहून नवा आणून बसवला, फुसफुस बंद, 6 बारला सरळ उचलतो. पाणी तांबूस निघालं, पण थोडंच. वायरही बदलतो. रात्रीच्या 190 वर मात्र अजून जड उठतो. 2 एचपीला घरगुती स्टॅबिलायझर कुणी लावलाय का? किती केव्हीएचा घ्यावा?