कॅसेटवरनं उतरवलेली कीर्तनं गाडीच्या स्टिरिओत वाजेनात, काय करू?

वाटसरू_कोथरूड
नमस्कार मंडळी, जरा मोठं लिहितोय, सांभाळून घ्या. बाबांकडे गावच्या देवळातल्या उत्सवात रेकॉर्ड केलेल्या कीर्तनांच्या कॅसेटी आहेत, चाळीसेक तरी, बहुतेक सगळ्या ९० मिनिटांच्या. लॉकडाऊनमधे टेपच्या हेडफोनच्या भोकातनं वायर काढून लॅपटॉपला लावली आणि ऑडॅसिटी या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमधे एकेक करत सगळ्या उतरवल्या, दोन महिने गेले त्यात. आता येत्या शनिवारी बाबांना घेऊन देवरुखला जायचंय आणि त्यांना ती वाटेत ऐकायचीयेत.

गाडी २०१३ ची, स्टिरिओ गाडीबरोबर आलेलाच. यूएसबी आहे, ऑक्स (वायरने फोन जोडायचं भोक) आहे, सीडी आहे, ब्लूटूथ नाही. नवा ६४ जीबीचा पेनड्राइव्ह आणून सगळं कॉपी केलं, तर स्टिरिओ ‘रीडिंग’ ‘रीडिंग’ करत बसतो आणि मग म्हणतो ‘नो डिव्हाइस’. घरातला जुना ८ जीबीचा लावला तर तो दिसतो पण ‘नो फाइल’. फायली डब्ल्यूएव्ही आहेत, म्हणजे आवाज न दाबता साठवलेल्या. मी एफ२ दाबून नावाच्या शेवटी एमपीथ्री लिहून पण पाहिलं, मग ‘अनसपोर्टेड’ यायला लागलं. दुकानात गेलो तर तो म्हणे काढून टाका हो हे, अँड्रॉइडवाला बसवतो, बारा हजार. बाबा म्हणाले त्यापेक्षा मी टेपच मांडीवर घेऊन बसतो.

सोल्डरवाला
दुकानाची पाटी बदलली म्हणून आतला माल बदलत नाही हो 😄 एफ२ दाबून फक्त नाव बदलतं, आत डब्ल्यूएव्हीच राहतं. स्टिरिओ आधी नाव बघून फसला आणि मग उघडून बघितल्यावर त्याला कळलं.

तुमच्याकडे दोन वेगवेगळी दुखणी आहेत, ती एकत्र करू नका. ६४ जीबीचा पेनड्राइव्ह बहुतेक वेळा कारखान्यातनंच एक्सफॅटमधे येतो आणि त्या काळातल्या बहुतेक स्टिरिओंना फक्त फॅट३२ वाचता येतं (पेनड्राइव्हवर फायली मांडायच्या या दोन वेगळ्या पद्धती), म्हणून ‘नो डिव्हाइस’. तुमचा ८ जीबीवाला फॅट३२ असणार, म्हणून तो दिसला, पण त्यात त्याला कळणारी फाइलच नाही म्हणून ‘नो फाइल’. विंडोजमधे राइट क्लिक करून फॉरमॅटला गेलात तर ६४ जीबीला फॅट३२ चा पर्यायच दिसत नाही, ३२ च्या वर ती खिडकी देतच नाही. रूफस नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे त्यात होतं, त्यात बूट सिलेक्शनला ‘नॉन बूटेबल’ घ्यायचं. पण खरं सांगू का, सरळ १६ जीबीचा घ्या आणि सुटा. आणि फॉरमॅट केलं की आतलं सगळं जातं, आधी लॅपटॉपवर कॉपी आहे ना बघा, दोन महिन्यांची मेहनत आहे.

आता फायलींचं. ऑडॅसिटीत डब्ल्यूएव्ही उघडा, एक्सपोर्ट, एमपीथ्री, कॉन्स्टंट, १२८ (म्हणजे सेकंदाला १२८ किलोबिट, शेवटपर्यंत सारखेच). हिशोब असा की डब्ल्यूएव्ही मिनिटाला साधारण १० एमबी खातं म्हणजे एक कॅसेट ९५० एमबीच्या आसपास, तीच १२८ ला ८६ एमबी होते. चाळीस कॅसेटी साडेतीन जीबीत बसतात, म्हणजे तुमचा जुना ८ जीबीवाला सुद्धा पुरतो, नवा घ्यायचीही गरज नाही. मूळ डब्ल्यूएव्ही मात्र डिलीट करू नका, ती कुठल्यातरी हार्ड डिस्कवर ठेवा, कॅसेट परत वाजेलच याचा भरवसा नाही.

घाटातला_गिअर
कशाला एवढी खटपट, एफएम ट्रान्समीटर मिळतो, लायटरच्या सॉकेटमधे लावायचा, फोनला ब्लूटूथने जोडायचा, संपलं. मी तीन वर्षं वापरतोय.

सोल्डरवाला
@घाटातला_गिअर पुण्यात ९१.१, ९३.५, ९८.३ सगळीकडे स्टेशनं बसलीयेत, मोकळी जागा शोधून लावाल आणि साताऱ्याच्या पुढे गेलं की तिथे दुसरंच काहीतरी खरखरायला लागतं. गाण्यांना चालतं एक वेळ. कीर्तनात बुवा हळू आवाजात गोष्ट सांगत असतात आणि मधेच जाहिरात घुसली तर बाबा ट्रान्समीटर घाटात फेकतील. शिवाय त्यांच्या गाडीत ऑक्स आहे ना, मग वायरच लावायची. फक्त फोन गाडीच्या चार्जरवर लावून ऑक्स जोडला की कधी कधी अॅक्सिलरेटरबरोबर वरखाली होणारी एक शिट्टी येते, ती आली तर चार्जर काढायचा की जाते. ती शिट्टी अडवायला वायरमधे लावायचा ग्राउंड लूप आयसोलेटर पण मिळतो.

रेडिओमावशी
वरचं सगळं बरोबर आहे पण एक गोष्ट कोणी सांगितली नाही आणि तीच तुम्हाला शनिवारी रडवणार आहे. हे जुने स्टिरिओ फायली नावाप्रमाणे लावत नाहीत, पेनड्राइव्हवर ज्या क्रमाने कॉपी झाल्या त्या क्रमाने वाजवतात. म्हणजे सगळेच नाही, पण खूप. आमच्याकडे हरिपाठाचे २८ अभंग टाकले होते तर पहिला वाजला सतरावा आणि मग एकोणीस. तुमच्याकडे एकेका कॅसेटची एक बाजू ए, एक बी असणार, कीर्तनात उत्तररंग आधी आणि पूर्वरंग नंतर आला तर काय अर्थ राहिला, आख्यानातला राक्षस मरणार आणि मग नमन सुरू होणार 🙈

मी असं करते. फायलींची नावं आकड्याने सुरू करते, ००१, ००२ अशी, तीन आकडी, नाहीतर नावाप्रमाणे लावणारा स्टिरिओ असला तर त्यातल्या काहींत १ नंतर १० येतो. पेनड्राइव्ह पूर्ण रिकामा करून मग लॅपटॉपवर नावाप्रमाणे सॉर्ट करायचं, सगळं सिलेक्ट करून ओढताना सगळ्यात वरच्या फाइलला धरायचं, कारण तुम्ही जिला धराल ती आधी जाते. तरी नाही जमलं तर ड्राइव्हसॉर्ट म्हणून छोटं सॉफ्टवेअर आहे, ते पेनड्राइव्हवरची यादीच नीट लावून देतं. नंतर एखादी फाइल घुसवली की मात्र ती शेवटी जाऊन बसते, मग परत ते चालवायचं.

आणि नावं इंग्रजी अक्षरात ठेवा हो. देवनागरी ठेवली की माझ्या गाडीत नुसते चौकोन दिसतात. ऑडॅसिटीत एक्सपोर्ट करताना टॅग (फाइलच्या आत लिहिलेलं नाव-गाव) भरता येतात तिथेही तेच, कारण काही स्टिरिओ फाइलचं नाव न दाखवता टॅगच दाखवतात.

फिरस्ता_न्यूजर्सी
मॅकवर करणार असाल तर अजून एक लफडं, मॅक प्रत्येक गाण्याबरोबर टिंब आणि अंडरस्कोअरने सुरू होणारी एक लपलेली पिटुकली फाइल टाकतो आणि स्टिरिओ तीही वाजवायला जातो, दर गाण्याआधी ‘अनसपोर्टेड’. टर्मिनलमधे डॉटक्लीन चालवून ती उडवावी लागतात. आम्ही दोन महिने स्टिरिओला शिव्या घातल्या, त्याची काहीच चूक नव्हती.

घाटातला_गिअर
मग सीडी लिहा की, स्टिरिओत आहे ना.

सोल्डरवाला
लिहिता येईल, पण ऑडिओ सीडीत ८० मिनिटंच मावतात, म्हणजे ९० ची कॅसेट तिथेच अडली. त्याच सीडीवर डेटा म्हणून एमपीथ्री लिहिले तर ७०० एमबीत आठ कॅसेटी बसतील, पण तो स्टिरिओ एमपीथ्री सीडी वाचतो का ते पॅनलवर छापलंय का बघा. आणि आताच्या लॅपटॉपला सीडीचा ट्रे कुठे असतो!

@वाटसरू एक राहिलं. ४५ मिनिटांची एक बाजू एकाच फाइलमधे ठेवू नका. चहाला थांबून गाडी बंद केलीत आणि स्टिरिओने जागा लक्षात ठेवली नाही तर परत नमनापासून. दहा-दहा मिनिटांचे तुकडे करा, जिथे बुवा थांबतात आणि टाळ्या पडतात तिथे कापा, कारण दोन फायलींमधे अर्धा सेकंद रिकामा जातो, अभंगाच्या मधे तो आला तर ठेच लागल्यासारखं वाटतं.

वाटसरू_कोथरूड
सगळ्यांचे आभार! काल रात्री बसून दहा कॅसेटी केल्या, जुन्याच ८ जीबीवर, इंग्रजी नावं, ००१ पासून. मावशींचं खरं ठरलं, पहिल्यांदा ओढताना मी मधली फाइल धरली होती आणि स्टिरिओने तिथनंच सुरुवात केली. परत पुसून वरची धरली, आता बरोबर. बाबा पार्किंगमधे पाऊण तास बसून होते, वॉचमन दोनदा विचारून गेला काही प्रॉब्लेम आहे का. त्यात १९८६ च्या उत्सवातल्या कॅसेटमधे मागे आजीचा खोकला ऐकू येतो, तेवढा त्यांनी परत परत लावला.

एक शंका, काही फायली स्टिरिओवर २३ मिनिटं दाखवतो, वाजतात मात्र दहाच मिनिटं. आणि पुढे ढकललं की भलतीकडेच जातं. फाइल बिघडली का?

सोल्डरवाला
नाही बिघडली. त्या तुम्ही व्हेरिएबलमधे एक्सपोर्ट केल्या असणार. त्यात बिटरेट, म्हणजे सेकंदाला किती डेटा तो दर, कमीजास्त होत राहतो आणि स्टिरिओ सुरुवातीचा रेट धरून पूर्ण लांबीचा अंदाज लावतो, कीर्तनाच्या सुरुवातीला शांतता असली की तो फसतो. वाजायला काही फरक नाही. पुढच्या तीस कॅसेटींना कॉन्स्टंट निवडा, या दहा परत करत बसू नका, शनिवार आलाय.