मदत हवी आहे: उंबराच्या पानांवरच्या गाठी, कृष्णाकाठच्या आणि घाटमाथ्यावरच्या

नमस्कार मंडळी. औदुंबर-भिलवडीकडच्या उंबरांची पानं सध्या गाठींनी भरलीयेत. ब्लेडने एक कापली, तर आत पोकळी आणि तिच्यात फिकट, चपटं पिल्लू. सिलिड (झाडाचा रस शोषणारे चिमुकले किडे) गटातला पौरोप्सिला डिप्रेसा असावा. गाठ वाढवतं झाड, पण वाढवायला लावतो किडा, याचं मला फार अप्रूप वाटतं.

अमेरिकेत गोल्डनरॉड या पिवळ्या फुलांच्या रानझाडाच्या खोडावर युरोस्टा माशीच्या गोल गाठी येतात. लहान गाठीतली अळी परोपजीवी गांधीलमाशीच्या तावडीत सापडते, मोठी गाठ सुतारपक्षी फोडतो. शत्रू बदलले की झाड आणि किड्याची ही ओढाताण प्रदेशागणिक वेगळं वळण घेते.

आपल्याकडे काय? आटपाडी-जतच्या कोरड्या हवेत आणि कोयना-महाबळेश्वरच्या पावसात उंबराच्या गाठी सारख्याच असतात का? कुणी पाहिल्या असतील तर शेजारी पट्टी ठेवून फोटो टाका, गाव आणि महिना लिहा. फरक हवामानाचा की झाडाच्या वाणाचा, हे कळायला दोन्हीकडची रोपं एकाच जागी वाढवावी लागतील. तसं कुणी केलंय का?

आणखी एक. गाठींतून निघणारे परोपजीवी कीटक कसे धरता? बरणीला मलमल बांधून ठेवते, पण पानंच आधी सुकतात.