एनरिचमेंटच्या वेबहुकची सिग्नेचर काही लीडचीच जुळत नाही, क्रेडिटही दोनदा कापलं जातंय

गोदाकाठ

नमस्कार मंडळी. मी नाशिकहून एका जर्मन कंपनीच्या सेल्स टीमचं इंटिग्रेशन सांभाळते. त्यांचं सीआरएम, म्हणजे ग्राहकांची नोंद ठेवायचं सॉफ्टवेअर, हबस्पॉट. नवा कॉन्टॅक्ट तयार झाला की हबस्पॉटचा वेबहुक (आपणहून पाठवलेली सूचना) आमच्या सर्व्हरवर येतो. आम्ही ईमेल आणि डोमेन एनरिचमेंट सेवेकडे (त्या माणसाची जास्तीची माहिती विकत देणारी सेवा) पाठवतो आणि हुद्दा, कंपनीचा आकार वगैरे जे मिळेल ते हबस्पॉटमध्ये लिहितो. फोन नंबर मात्र लगेच येत नाही. तो ती सेवा काही मिनिटांनी आमच्या दुसऱ्या यूआरएलवर वेबहुकने पाठवते. सर्व्हर पायथॉन आणि फास्टएपीआय, डेटाबेस पोस्टग्रेस. कोड आधीच्या टीमकडून माझ्याकडे आलाय.

पहिली अडचण: एनरिचमेंट सेवेच्या वेबहुकची सिग्नेचर (तो खरंच त्यांनीच पाठवला हे पटवणारी सही) काही लीडना (संभाव्य ग्राहकांना) जुळते, काहींना नाही. एकाच मिनिटात आलेल्या दोघांपैकी एक पास होतो आणि दुसऱ्याला ४०१ (नाकारल्याचं उत्तर) जातो. सीक्रेट तेच, सर्व्हर तोच. सर्व्हरचं घड्याळही तपासलं, बरोबर आहे. दुसरी: एकाच कॉन्टॅक्टसाठी सेवेला दोन-तीनदा विचारणा होते आणि दर वेळी क्रेडिट, म्हणजे पैसेच, जातं. तिसरी, आणि सेल्सवाले यावरच सगळ्यात जास्त वैतागलेत: त्यांनी फोनवर बोलून स्वतः बदललेला हुद्दा दुसऱ्या दिवशी पुन्हा जुना झालेला दिसतो. या माणसांनी मेहनतीने मिळवलेली माहिती आमच्या सर्व्हरने पुसावी, हे मला अजिबात पटत नाही.

सुरुवात कुठून करू?

सांगलीकर

ताई, आधी सांगा, सिग्नेचर तपासताना एचमॅक (सीक्रेट वापरून बाइटवरून काढलेली सही) कशावर काढताय? आलेल्या बॉडीवर, की पार्स करून पुन्हा बनवलेल्या जेसनवर? आणि नापास झालेल्या लीडची शहरं एकाखाली एक लिहून बघा.

गोदाकाठ

पार्स करून, मग जेसन डम्प्सने पुन्हा स्ट्रिंग करून. मधल्या स्पेस काढलेल्या आहेत, त्यामुळे बहुतेकांचं जुळतं. शहरं बघितली: बर्लिन, हॅम्बर्ग, फ्रँकफर्ट जवळजवळ सगळे पास. म्युनिक, कोलोन, ड्युसेलडॉर्फ एकूण एक नापास!

सांगलीकर

मग सापडलं. जर्मनमध्ये या तिन्ही शहरांच्या नावात दोन टिंबांचं अक्षर आहे. पायथॉनचं जेसन डम्प्स आपणहून आस्कीबाहेरचं (साध्या इंग्रजी अक्षर-चिन्हांपलीकडचं) प्रत्येक अक्षर एस्केप करतं. टिंबवाल्या यूच्या जागी बॅकस्लॅश, यू आणि मग शून्य-शून्य-एफ-सी असं लिहितं. समोरच्याने ते अक्षर सरळ यूटीएफ-८ मध्ये पाठवलेलं असतं. बाइट बदलले की एचमॅक बदलणारच. बर्लिनच्या नावात असं अक्षर नाही म्हणून ते सुटतं. तिथलाही एखादा नापास झाला असेल तर त्या माणसाच्या नावात किंवा कंपनीच्या नावात ते अक्षर असणार.

आता कुणीतरी सांगेल की हे एस्केप बंद करायला एन्शुअर-आस्की फॉल्स करा, झालं. कृपया तेवढ्यावर थांबू नका. उद्या त्यांनी सर्व्हर पीएचपीवर नेला तर प्रत्येक यूआरएलमधल्या स्लॅशआधी बॅकस्लॅश येईल आणि पुन्हा हीच शोधाशोध. फास्टएपीआयमध्ये अवेट लावून रिक्वेस्टची बॉडी कच्च्या बाइटमध्ये घ्या, त्याच बाइटवर एचमॅक काढा, तुलना दोन बरोबरच्या चिन्हांनी न करता एचमॅक मॉड्यूलमधल्या कम्पेअर डायजेस्टने करा, आणि जुळल्यावरच पार्स करा. आधी तपासणी, मग वाचन. हा क्रम कुठल्याही सेवेसाठी बदलायचा नाही.

हबस्पॉटच्या बाजूची तपासणी चालू आहे ना? त्यांच्या तिसऱ्या आवृत्तीच्या सिग्नेचरमध्ये मेथड, पूर्ण यूआरएल, बॉडी आणि टाइमस्टॅम्प असं सगळं जोडलेलं असतं. टाइमस्टॅम्प ५ मिनिटांहून जुना असेल तर नाकारायचं. तुमच्यापुढे एनजिनएक्स (रिक्वेस्ट घेऊन आत पाठवणारा सर्व्हर) असेल तर फास्टएपीआयला यूआरएल एचटीटीपीने सुरू होणारी दिसते, हबस्पॉटने सही मात्र एचटीटीपीएसवाल्या यूआरएलवर केलेली असते. ती पब्लिक यूआरएल कॉन्फिगमधून घ्या.

रात्रपाळी

दुसऱ्या अडचणीवर मी लिहितो, कारण माझं रोजचं काम हेच आहे. माझा अंदाज असा की तुमचा हँडलर हबस्पॉटचा वेबहुक हातात धरून ठेवतो, एनरिचमेंट सेवेला विचारतो, तिचं उत्तर येईपर्यंत थांबतो आणि मग २०० (‘मिळालं’ असं उत्तर) देतो. हबस्पॉट ५ सेकंद थांबतं. उत्तर आलं नाही तर तो प्रयत्न फसला असं धरून पुन्हा पाठवतं, २४ तासांत १० वेळांपर्यंत. इकडे तुमची पहिली विचारणा पूर्ण झालेली असते, क्रेडिटही गेलेलं असतं.

रजिस्टर पत्र आलं की सही करून पोस्टमनला मोकळं करतो, त्याला दारात उभं करून पत्र वाचत बसत नाही. हँडलरनेही तेवढंच करावं: सिग्नेचर तपास, टेबलात ओळ टाक, २०० दे. बाकीचं काम वर्कर (मागे चालणारा वेगळा प्रोग्राम) करेल. रेडिस वगैरे आणायची गरज नाही, पोस्टग्रेसमध्ये फॉर अपडेट स्किप लॉक्ड (एका वर्करने घेतलेली ओळ दुसऱ्याला न देणारं) आहे, एवढ्या कामाला ते पुरतं. एका रिक्वेस्टमध्ये १०० पर्यंत इव्हेंट असू शकतात, तेव्हा प्रत्येक इव्हेंटची वेगळी ओळ.

डुप्लिकेट ओळखताना दोन जागी पाय घसरतो. इव्हेंट आयडी युनिक असेलच याची हमी नाही, हे हबस्पॉट स्वतःच लिहितं. आणि अख्ख्या बॉडीचा हॅश (मजकुराचा ठसा) काढला तरी उपयोग नाही, कारण आत अटेम्प्ट नंबर असतो. तो ० पासून सुरू होतो आणि पुन्हा पाठवताना वाढतो, म्हणजे तोच इव्हेंट दर वेळी नवा वाटतो. पोर्टल आयडी, ऑब्जेक्ट आयडी, सबस्क्रिप्शनचा प्रकार, प्रॉपर्टीचं नाव आणि ऑकर्ड-अ‍ॅट (घटना घडल्याची वेळ) यांवर युनिक इंडेक्स लावा. प्रॉपर्टीचं नाव नसेल तिथे रिकामी स्ट्रिंग ठेवा, नल नको, नाहीतर पोस्टग्रेस दोन नल वेगळे धरतं आणि डुप्लिकेट आत येतं. इन्सर्टला ऑन कॉन्फ्लिक्ट डू नथिंग लावा, म्हणजे डुप्लिकेट ओळ आपोआप सोडली जाईल.

अजून एक बघा. तुम्ही हुद्द्याच्या प्रॉपर्टीचेही बदल सबस्क्राइब केलेत का? तसं असेल तर तुम्ही हुद्दा लिहिता, त्याचाच वेबहुक येतो, तुम्ही पुन्हा विचारता. जी प्रॉपर्टी आपण लिहितो तिचा वेबहुक घ्यायचाच नाही. नवा कॉन्टॅक्ट आणि ईमेलमधला बदल, एवढे दोनच पुरे.

गोदाकाठ

केलंय, हुद्दा आणि कंपनी दोन्ही सबस्क्राइब आहेत. म्हणजे आमचं वर्तुळ चालूच होतं. आज काढते. आणि तिसरी अडचण?

रात्रपाळी

वेबहुक ज्या क्रमाने घडलं त्याच क्रमाने येतील असं नाही. म्हणून येण्याची वेळ न धरता ऑकर्ड-अ‍ॅट धरा. पण माझं मत विचाराल तर सेल्सच्या माणसाच्या रकान्यात मशीनने हात घालूच नये. एनरिचमेंटचा हुद्दा वेगळ्या कस्टम प्रॉपर्टीत लिहा, सोबत तारखेची एक प्रॉपर्टी. मूळ रकाना रिकामा असेल तरच त्यात कॉपी करा. माणसाने फोनवर ऐकलेलं हे डेटाबेसमधल्या अंदाजापेक्षा नेहमी वर.

इसारकाठ

म्युनिकमधून लिहितेय. जर्मन लोकांचे फोन नंबर त्यांच्याकडून न घेता तिसरीकडून येतायत, म्हणजे जीडीपीआरचं (युरोपच्या डेटा-संरक्षण कायद्याचं) कलम १४ लागू होतं: ही माहिती कुठून मिळाली हे त्या व्यक्तीला उशिरात उशिरा महिनाभरात कळवावं लागतं. तुमच्या क्लायंटला हे लेखी विचारून ठेवा. आणि आता जे कच्चं टेबल बनवाल त्यात प्रत्येकाचा नंबर पडून राहणार, तेव्हा मुदत ठरवून बॉडीचा रकाना रिकामा करणारा जॉब पहिल्याच दिवशी लावा. हबस्पॉटमध्ये कॉन्टॅक्टच्या प्रायव्हसी डिलीशनचा वेगळा इव्हेंट आहे. तोही सबस्क्राइब करा आणि तो आला की कच्च्या टेबलातून, रांगेतून, लॉगमधून सगळीकडून त्या माणसाला काढा. नाहीतर हबस्पॉटमधून पुसलेला माणूस रांगेतल्या जुन्या ओळीमुळे परत येईल. ज्याने स्वतः विनंती करून नाव काढायला लावलं, त्याला पुन्हा फोन जाणं फार वाईट.

गोदाकाठ

हे माझ्या डोक्यातच नव्हतं, फार आभार. कच्ची बॉडी घेऊन सिग्नेचर तपासली, कोलोनचे लीड पास होतायत. पण ज्यांना आधी ४०१ गेला त्यांचे नंबर तर हरवलेच ना? ती सेवा पुन्हा पाठवत नाही.

सांगलीकर

हरवले असं नाही. विचारणा पाठवताना तिचा रिक्वेस्ट आयडी तुम्ही साठवला असेल, तर ज्या ओळींना उत्तर आलेलं नाही त्या एका क्वेरीत निघतील. ही क्वेरी रोज रात्री चालवा, फक्त आजच्यापुरती नको. सर्व्हर बंद असताना आलेले वेबहुकही तिच्यातच सापडतात. त्या आयडीवर निकाल मागायची सोय त्यांच्या एपीआयमध्ये असेल तर तिथून घ्या. नसेल तर नव्याने विचारावं लागेल, पण त्याआधी त्यांच्या सपोर्टला मेल करून विचारा की त्याच कॉन्टॅक्टला दुसऱ्यांदा क्रेडिट कापतात का. उत्तर लेखी आल्यावरच वर्कर सोडा.