मदत हवी आहे: वृद्धाश्रमात कुत्र्याला नेण्यासाठी प्रमाणपत्र कोठे मिळते?

टिळकवाडीकर
आमच्या राणीला घेऊन मी दर रविवारी बेळगावातील एका वृद्धाश्रमात जातो. तीन रविवार उत्तम गेले, चौथ्या रविवारी मात्र ती दारातच बसली आणि काही केल्या आत येईना. व्यवस्थापकांनी आता प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र मागितले आहे. ते कोठे मिळते, एवढेच कृपया सांगावे. तिकडे आज्या वाट पाहत आहेत.

खानापूरची
राणी कोणत्या जातीची, किती वर्षांची, रेबीजची लस केव्हा दिली आणि तिसऱ्या रविवारी नेमके काय घडले, यांपैकी काहीच आपण लिहिलेले नाही.

टिळकवाडीकर
मुधोळ, तीन वर्षांची. लस अर्थातच दिलेली आहे. तिसऱ्या रविवारी विशेष काही घडले नाही.

चिक्कोडीचा_शेतकरी
मुधोळ म्हटल्यावर सगळे कळले. हे नजरेने सावज हेरून धावणारे शिकारी कुत्रे आहे. २००५ साली त्याच्यावर टपाल तिकीट निघाले ते काही मांडीवर बसण्यासाठी नव्हे. परक्यांनी अंगाला हात लावलेला त्याला फारसा रुचत नाही. आपण लॅब्राडोर पाळावा.

निपाणीकर
असहमत. आमचा मुधोळ वडिलांच्या आजारपणात त्यांच्या पायांशी सहा महिने झोपत होता. जातीपेक्षा त्या एका जनावराचा स्वभाव पाहावा.

चिक्कोडीचा_शेतकरी
वडील घरचे होते. वृद्धाश्रमातले तीस जण परके आहेत.

वाचनवेडा
अमेरिकेत इलेन स्मिथ यांनी १९७६ मध्ये रुग्णांना आणि वृद्धांना भेटायला नेल्या जाणाऱ्या कुत्र्यांची नोंदणी करणारी संस्था स्थापन केली. अंध मालकाला वाट दाखवणारे कुत्रे वेगळे आणि मालकासोबत इतरांना भेटायला जाणारे वेगळे, हा फरकही ध्यानात घ्यावा.

टिळकवाडीकर
आभारी आहे, पण मला बेळगावात रविवारपूर्वी काय करता येईल ते हवे आहे. आणि खानापूरच्या ताई, आता आठवले: तिसऱ्या रविवारी एका आजोबांचा वॉकर फरशीवर आडवा पडला होता, राणीच्या अगदी शेपटीजवळ. कोणालाही लागले नाही, म्हणून लिहिले नव्हते.

खानापूरची
मग प्रश्न प्रमाणपत्राचा नाहीच. मी परिचारिका आहे. कोणाचा तरी वॉकर मागून आणा, घरात नुसता आडवा ठेवा आणि त्याच्याजवळ उकडलेल्या चिकनचे तुकडे टाका. ती निर्धास्तपणे खाऊ लागली की मगच तो उभा करा, हलवा, आणि सर्वांत शेवटी वाजवा. झोप आलेली नसताना ती जांभया देऊ लागली किंवा सारखे ओठ चाटू लागली, तर त्या दिवशी तेथेच थांबा. व्यवस्थापकांना लसीकरणाचे कार्ड, जंताच्या औषधाची तारीख आणि पशुवैद्यांचे पत्र दाखवून पाहा; बहुधा त्यांना धीर हवा आहे. नखे मात्र कापून घासून न्या. म्हाताऱ्या माणसांची कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी झालेली असते, आणि रक्त पातळ करण्याच्या गोळ्या चालू असतील तर साध्या ओरखड्यानेही हात काळानिळा पडतो. भेट वीस मिनिटांची पुरे, आणि जे स्वतः बोलावतील त्यांच्याकडेच जावे.

शहापूरकर
भाषेचेही पाहावे. आमच्या कुत्र्याला 'बस' ठाऊक होते. कानडी आजी प्रेमाने 'बा, बा' (म्हणजे 'ये, ये') म्हणू लागल्या की तो पुढचा 'स' गृहीत धरून जागीच बसायचा आणि आजी रुसायच्या.

टिळकवाडीकर
येत्या रविवारी येत नाही, असे आश्रमाला कळवले. शेजाऱ्यांचा वॉकर आणून सोप्यावर आडवा ठेवला आहे. राणीने एका पायाचे रबरी बूच हुंगले आणि ती पुन्हा खाटेखाली गेली. चिकन तसेच पडून आहे. एक शंका राहिली: एक आजी तिच्यासाठी दर वेळी कुंदा राखून ठेवतात. तो चालतो का?

खानापूरची
आज एवढे पुरे, चिकन उचलून ठेवा. कुंदा म्हणजे खवा आणि साखर, तो राणीला मुळीच देऊ नये. आजींचे मन मोडू नये म्हणून तो आपण खावा.