मदत हवी आहे : गोळी तीच, डोस तोच, मग लेव्हल उतरली कशी?

परळकर७७
धाकट्या भावाला फिट येतात. गोळ्या सुरू केल्यावर रक्तातली औषधाची लेव्हल ८.१ आली, सगळे खूश. काल ५.२! एकही गोळी चुकलेली नाही, डबी मी स्वतः भरतो. तरी परवा पहाटे पुन्हा आकडी. केमिस्टने नकली माल गळ्यात मारला का? डॉक्टर सोमवारपर्यंत नाहीत. लवकर सांगा.

तिरपागडा
कोणती गोळी?

परळकर७७
फिटची हो.

तिरपागडा
फिटच्या डझनभर आहेत. पाकिटावरचं नाव वाचा. आणि सुरू होऊन किती दिवस झाले?

परळकर७७
कार्बामाझेपिन २००, सकाळ-रात्र. पाच आठवडे.

खारीबिस्किट
अंगाला सवय लागली. मावशीचं तेच झालं होतं. सरळ डबल करा.

तिरपागडा
खारी, डोस वाढवायचे सल्ले वाटू नका. सवय वगैरे नाही. यकृतातलं जे एन्झाइम ही गोळी फोडतं, सीवायपी३ए४, तेच ती जास्त बनवायला लावते. आपलीच कबर खणते म्हणा ना. पहिल्या डोसातलं निम्मं औषध जायला २५ ते ६५ तास लागतात, रोज घेत राहिलं की १२ ते १७. हा वेग स्थिरावायला तीनेक ते पाच आठवडे जातात. केमिस्टला शिव्या घालण्याआधी हे बघा.

एप्टॉइनवाला
माझं उलट. फेनिटॉइन, म्हणजे फिटचीच दुसरी गोळी, जरासं वाढवलं तर दादरचा जिना उतरताना पाय लटपटले. त्यात औषध फोडणारं एन्झाइमच भरून जातं, जास्तीचं फोडायला पुरत नाही, मग लेव्हल एकदम उसळते.

खारीबिस्किट
हे विचारलं कोणी?

एप्टॉइनवाला
डबल करा म्हणणाऱ्यांसाठी लिहिलंय.

चाळीतली_सुमन
आकडी आली की चप्पल हुंगवा, आमच्याकडे सगळे तेच करतात.

नर्सबाई_ठाणे
सुमनताई, नको! चप्पल नाही, कांदा नाही, तोंडात चमचा तर मुळीच नाही. कुशीवर वळवा, घड्याळ बघा. पाच मिनिटांच्या वर गेली तर थेट कॅज्युअल्टी, सोमवारची वाट बघायची नाही. परळकर, दोन्ही वेळा रक्त कधी दिलं?

परळकर७७
पहिलं दुपारी जेवून. दुसरं सकाळी, गोळीच्या आधी. त्याने काय होतं?

नर्सबाई_ठाणे
अहो, हे आधी सांगायचं! गोळीच्या आधी लेव्हल सगळ्यात खाली असते. त्यामुळे किती उतरली ते या दोन आकड्यांवरून कळणारच नाही. आणि या गोळीची लेव्हल ४ ते १२ मध्ये हवी, त्या हिशोबात ५.२ बसते. पण आकडी आली आहे, तेव्हा सोमवार कशाला? आजच दवाखान्यात फोन करून दुसऱ्या डॉक्टरांना विचारा. गोळी बंद करू नका.

तिरपागडा
तोवर त्याला लोकलच्या दारात उभं राहू देऊ नका.

परळकर७७
तो डोंबिवली फास्टने जातो. दाराशिवाय जागा कुठे मिळते?

खारीबिस्किट
गाडी सुटते त्या स्टेशनापर्यंत उलटं जाऊन जागा पकडा ना.