मदत हवी आहे: रोज चालवायच्या एलएस-३ कॉर्व्हेटसाठी कॅम कोणता घ्यावा?

मंडळी, माझी २००९ ची सी-६ कॉर्व्हेट आहे. ६.२ लिटरचं एलएस-३ इंजिन, सहा गिअरची मॅन्युअल, मागच्या डिफरन्शियलचा गिअर रेशो ३.४२. इंजिन आजवर उघडलेलं नाही, एक्झॉस्टही कंपनीचाच आहे. आता कॅमशाफ्ट (व्हॉल्व कधी आणि किती उघडायचे ते ठरवणारा दांडा, थोडक्यात कॅम) बदलायचं पक्कं केलंय, पण कोणता घ्यावा यावर घोडं अडलंय.

गाडी कपाटात ठेवायची वस्तू नाही, मी ती रोज चालवतो. टेक्सासात शुगर लँडहून ह्यूस्टनला ५९ नंबरच्या हायवेने ऑफिसला जातो. इथला उन्हाळा आणि संध्याकाळचा ट्रॅफिक ज्यांनी अनुभवलाय त्यांना सांगायला नको, एसी सतत चालू आणि गाडी मुंगीच्या पावलाने. सुट्टीच्या दिवशी हिल कंट्रीतले वळणांचे रस्ते. ड्रॅग रेसिंग करत नाही, करणारही नाही. शिवाय आमच्या फोर्ट बेंड काउंटीत एमिशन तपासणी अजून लागते. ओबीडी पोर्टला (गाडीच्या कॉम्प्युटरच्या सॉकेटला) यंत्र जोडतात. चेक इंजिनचा दिवा लागलेला असला की नापास. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढायचे नाहीत, हे माझ्यापुरतं ठरलेलं आहे.

मूळ कॅमचे आकडे असे: ०.०५० इंचाला ड्युरेशन (व्हॉल्व किती अंश उघडा राहतो) इनटेक २०४ अंश, एक्झॉस्ट २११ अंश, लिफ्ट (व्हॉल्व किती उघडतो) ०.५५१ आणि ०.५२२ इंच, लोब सेपरेशन (इनटेक आणि एक्झॉस्टच्या लोबमधलं अंतर) ११७ अंश. या कॅमवर इंजिन ५९०० आरपीएमला ४३० हॉर्सपॉवर आणि ४६०० ला ४२४ पाउंड-फूट टॉर्क देतं. ताकद कमी आहे अशी तक्रार नाही. पण ५५०० च्या पुढे इंजिन दमल्यासारखं वाटतं आणि एलएस-३ ची हेड्स त्याहून बरंच जास्त श्वास घेऊ शकतात. इतके मोठे पोर्ट आणि २.१६५ इंचाचा इनटेक व्हॉल्व असताना कॅम एवढा मवाळ ठेवलाय, याची मला चुटपुट लागून राहिलीय.

माझ्यासमोर तीन पर्याय आहेत (इनटेक/एक्झॉस्टचं ड्युरेशन):

अ) २१८/२२६, लोब सेपरेशन ११५
ब) २२४/२३४, लोब सेपरेशन ११४
क) २३१/२४६, लोब सेपरेशन ११३

इथल्या एका शॉपने 'क' सुचवलाय. म्हणतात, एवढा खर्च करताच आहात तर मोठाच घाला, ट्यूनिंगमध्ये (इंजिनच्या कॉम्प्युटरच्या सेटिंगमध्ये) सगळं जमवता येतं. मला ते पटत नाही. मी ओव्हरलॅप काढून पाहिला: दोन्ही ड्युरेशनची सरासरी, वजा लोब सेपरेशनची दुप्पट. मूळ कॅमचा येतो उणे २६.५ अंश. 'अ' चा उणे ८, 'ब' चा अधिक १, आणि 'क' चा थेट अधिक १२.५. इनटेक आणि एक्झॉस्ट दोन्ही व्हॉल्व एकाच वेळी उघडे राहतात तो काळ म्हणजे ओव्हरलॅप. वरच्या आरपीएमला बाहेर धावणारा एक्झॉस्ट ताजी हवा आत ओढतो, म्हणून तिथे तो फायद्याचा. आयडलला (गाडी उभी असताना, पाय काढलेला) मात्र इनटेक मॅनिफोल्डमध्ये व्हॅक्यूम असतो, त्यामुळे जळालेला वायू उलटा इनटेककडे ओढला जातो, ताज्या मिश्रणात तो मिसळतो आणि एखादं सिलिंडर मधूनच चुकतं. बुलेटसारखा तो डगडग आवाज लोकांना आवडतो, मलाही ऐकायला आवडतो, पण तो येतो याच चुकण्यातून. एसीचा कॉम्प्रेसर लागल्यावर सिग्नलला गाडी बंद पडणार असेल तर तो आवाज मला नको.

माझे प्रश्न:

१) 'अ' आणि 'ब' मधला फरक रोजच्या ट्रॅफिकमध्ये खरोखर जाणवतो का? विशेषतः पहिल्या-दुसऱ्या गिअरला १२०० ते १८०० आरपीएमवर गाडी हिसके देते का?

२) कन्व्हर्टर जागेवर ठेवून 'ब' तपासणीत पास होईल का?

३) कॅमबरोबर आणखी काय काय बदलावं लागेल? स्प्रिंग आणि पुशरॉड माहीत आहेत.

ह्या इंजिनवर स्वतः काम केलेल्यांनी लिहिलं तर फार उपकार होतील. नुसता हॉर्सपॉवरचा आकडा नको, चालवताना कसं वाटतं ते हवंय.

प्रतिसाद

तुमचं गणित बरोबर आहे आणि शंकाही रास्त आहे. 'क' सोडून द्या. तो कॅम ६८००-७००० पर्यंत सतत फिरवणाऱ्याचा आहे. लाँग ट्यूब हेडर (लांब नळ्यांचा एक्झॉस्ट मॅनिफोल्ड) आणि ३.९० च्या आसपासचा रेशो असेल तरच त्याचं सार्थक होतं. तुमच्या वापरात ३००० च्या खालचा टॉर्क हातचा जाईल, आणि हायवेवर तुम्ही बहुतेक वेळ तिथेच असता.

'अ' आणि 'ब' मध्ये फरक नक्की जाणवतो. 'अ' वर आयडल ७५० च्या आसपास ठेवता येतो, अनोळखी माणसाला कॅम बदललाय हे चटकन कळतही नाही. 'ब' ला साधारण ८५० लागतो आणि कमी आरपीएमवर रांगताना क्लच थोडा जास्त सांभाळावा लागतो. मोकळ्या रस्त्यावर 'ब' वरचढ, यात वाद नाही. तुमच्या वर्णनावरून मी 'अ' घेईन.

तपासणीचं म्हणाल तर खरी मेख मिसफायरमध्ये आहे. सिलिंडर चुकलं की न वापरलेला ऑक्सिजन एक्झॉस्टमध्ये जातो. सेन्सरला वाटतं मिश्रणात पेट्रोल कमी आहे, म्हणून कॉम्प्युटर पेट्रोल वाढवतो. मग पेट्रोलचा वास येतो, कन्व्हर्टर तापतो आणि पी०३०० हा मिसफायरचा कोड पडतो. ट्यूनर कोड बंद करून देतो म्हणाला तर नाही म्हणा. मॉनिटर बंद केलेले तपासणीत दिसतात, आणि कन्व्हर्टर जळायचा तो जळतोच. आयडलची हवा, स्पार्क आणि व्हीई टेबल (इंजिन किती हवा घेतं त्याचा तक्ता) गाडी चालवून, लॉग घेऊन जमवणारा माणूस शोधा. डायनोवर (ताकद मोजायच्या यंत्रावर) फक्त पूर्ण थ्रॉटलचे दोन पुल घेऊन मोकळा होणारा नको. कॅमपेक्षा ट्यूनर निवडायला जास्त वेळ द्या.

आता यादी. मूळ स्प्रिंग ०.५५१ लिफ्टसाठी आहेत, तुम्ही ०.६०० च्या आसपास जाणार, तेव्हा स्प्रिंग, रिटेनर, सीट आणि सील सगळा संच घ्या. हेड उतरवायची गरज नाही, सिलिंडरमध्ये हवा भरून व्हॉल्व वर धरता येतात. पुशरॉड ७.४ इंचाचे म्हणून डोळे मिटून मागवू नका, आधी लांबी मोजा, म्हणजे लिफ्टरचा प्रीलोड (त्याच्या आतल्या प्लंजरवरचा दाब) नीट बसेल. पिस्टन आणि व्हॉल्वमधली जागा मोजाच: इनटेकला निदान ०.०८० आणि एक्झॉस्टला ०.१०० इंच हवी. टायमिंग चेन आणि ऑइल पंप उघडतोच, तेव्हा पंपाच्या पिकअप ट्यूबची ओ-रिंग नवी टाका. ती बसवताना चिमटली की ऑइल प्रेशर पडतं आणि सगळं पुन्हा उघडावं लागतं. क्रँकच्या पुलीचा बोल्ट ताणून बसतो, जुना परत लावू नका.

आणि एक गोष्ट बरेच जण विसरतात. तुमच्या इंजिनाचा कॅम गिअर एका बोल्टचा आहे. नवा कॅम तीन बोल्टचा आला तर गिअरही तीन बोल्टचाच लागेल, पण सेन्सरसाठी तो ४एक्स (कॅमच्या फेरीमागे चार सिग्नल देणारा) असायला हवा. ऑर्डर करण्यापूर्वी विचारून घ्या.

प्रतिसाद

वरच्याशी सहमत. भर एवढीच की लिफ्टरचे प्लास्टिक ट्रे जुने झालेत. कॅम बाहेर काढताना लिफ्टर वर धरून ठेवायचं काम तेच करतात. पकड ढिली असेल तर लिफ्टर खाली निसटतो आणि मग तेलाची टाकी उतरवावी लागते. शॉपला आधार द्यायच्या सळ्या वापरायला सांगा. इंजेक्टर बदलायची गरज नाही, या कॅमला मूळचे पुरतात.

धागाकर्ता

दोघांचे मनापासून आभार. 'अ' नक्की केला. एका बोल्टचा गिअर माझ्या ध्यानातच आला नसता, उद्या विक्रेत्याला विचारतो. ओ-रिंग, बोल्ट आणि सळ्या यादीत घातल्या. आता एकच राहिलं: रॉकरचे ट्रनियन (रॉकर ज्यावर झुलतो तो आस) याच वेळी बदलावेत का? स्प्रिंग कडक झाल्यावर आतले नीडल बेअरिंग सुटून इंजिनात पडतात असं वाचलंय.

प्रतिसाद

बदला. रॉकर तसेही बाहेर येणार आहेत. ब्राँझ बुशचा किट घ्या, त्यात सुया नसतातच. बसवताना प्रेस वापरा, हातोडा नको. आणि इनटेकचे रॉकर ऑफसेट असतात, ते एक्झॉस्टच्या रॉकरमध्ये मिसळू देऊ नका.