मुक्कामी ट्रिपसाठी पहिली कयाक: 10 फुटी की 14 फुटी?

लाटवेडा:
नमस्कार मंडळी. दोन वर्षं भाड्याच्या कयाकमधून तास-दोन तास फिरतोय, आता स्वतःची घ्यायचीय आणि एखाद-दोन रात्री काठावर तंबू टाकून राहायचंय. वजन 78 किलो. जास्त करून मोठे तलाव आणि संथ नदी, पुढेमागे शांत दिवशी किनाऱ्याकिनाऱ्याने समुद्र. एक वापरलेली 10 फुटी बघितली, चांगली रुंद, बसलो तरी हलत नाही. दुसरी 14 फुटी, 23 इंच रुंद, पण तिच्यात बसल्याबरोबर डगमगली आणि मला धडकी भरली. मित्र म्हणतो 10 फुटी घेऊ नकोस. का ते त्याला नीट सांगता येत नाहीये.

वल्हेकरी:
मित्राचं ऐक. 10 फुटीत बहुतेक वेळा फक्त मागे एक बंद कप्पा असतो, पुढचा भाग मोकळा, म्हणजे उलटली की पुढून पाणी भरणार आणि नाक खाली. काठापासून लांब ती रिकामी करणं फार अवघड जातं. मुक्कामाला जायचं तर पुढे आणि मागे दोन्हीकडे बल्कहेड, म्हणजे पाणी अडवणाऱ्या आडव्या भिंती, हवेतच, हे मी अजिबात सोडणार नाही. आता वजनाचा हिशोब बघ, तू 78, सामान 20, पाणी 8 लिटर म्हणजे 8 किलो, झाले 106. कंपनी जी क्षमता लिहिते त्याच्या साधारण 70 टक्क्यांपर्यंतच भरावं, त्याच्यावर गेलं की नाव जड चालते, म्हणजे कागदावर 150च्या आसपास पाहिजे, छोट्या नावेत एवढी सहसा मिळत नाही.

आणि डगमगण्याचं म्हणशील तर रुंद नाव सपाट पाण्यावर स्थिर वाटते, पण लाट आडवी आली की लाटेबरोबर तीही कलते. अरुंद नाव आधी हलते आणि मग कुशीवर टेकल्यासारखी थांबते. शिवाय तू रिकामी चालवलीस, तळाला वजन पडलं की तीच नाव शांत होते. पाण्याच्या पिशव्या ठेवून परत बसून बघ.

निळाई:
वरच्या सगळ्याला अनुमोदन. माझं एवढंच सांगणं आहे की नाव बघायला जाताना स्वतःचं सामान घेऊन जा, खरंच. मी कप्प्याचे लिटर वाचून खुश झाले होते, पण पुढच्या हॅचचं (कप्प्याच्या झाकणाचं) तोंड गोल आणि लहान, माझी झोपायची बॅग कितीही दाबली तरी आत जाईना, शेवटी काठावर बसून तिच्यातलं सामान दोन छोट्या ड्राय बॅगांत (पाणी न शिरणाऱ्या पिशव्यांत) विभागून भरलं. तेव्हापासून मोठी बॅग नाहीच, सगळ्या 5 ते 10 लिटरच्या. जड वस्तू सीटच्या जवळ आणि तळाशी, तंबूचे दांडे निमुळत्या टोकात.

दुसरं म्हणजे अर्धा तास तरी आत बसून राहा. मांड्यांना वरून आधार लागतोय का, पायांचे पेग (पाय टेकवायचे आधार) पुरतात का, पाय बधिर होतो का. दुकानातली पाच मिनिटं काहीच सांगत नाहीत, मुक्कामाच्या ट्रिपला रोज चार-पाच तास त्याच सीटवर काढायचेत.

वल्हेकरी:
हो, सीटचं बरोबर. अजून एक, पहिली नाव पॉलीइथिलीनचीच (एक प्रकारचं प्लास्टिक) घे. फायबरग्लासपेक्षा जड असते पण दगडावर घासली तरी चालतं, फक्त उन्हात कारच्या टपावर पट्टे आवळून ठेवू नकोस, तळ वाकतो.

लाटवेडा:
सगळ्यांचे आभार! काल 14 फुटीत पाणी भरलेल्या कॅनसकट बसलो आणि खरंच वेगळीच नाव वाटली, डगमग निम्म्याने कमी. पाऊण तासाने डावा पाय जरा आखडला, पेग एक खाच पुढे सरकवल्यावर बरं वाटलं. हिला रडर (पायाने वळवायचं सुकाणू) नाही, स्केग (मागे तळातून खाली सोडायची न वळणारी पाती) आहे. चालेल ना?

निळाई:
चालेल. बाजूने वारा आला की कयाकचं नाक वाऱ्याकडे वळतं, स्केग थोडा खाली सोडला की सरळ जाते. फक्त त्याची दोरी अडकत नाही ना ते बघून घे, स्केगच्या खाचेत खडे बसतात. आणि पहिल्या मुक्कामाआधी भरलेली नाव छातीभर पाण्यात मुद्दाम उलटी करून, पॅडल फ्लोट (वल्ह्याच्या टोकाला लावायची हवेची पिशवी) लावून परत चढायचा सराव कर, सोबतीला कोणीतरी घेऊन.